मुका झालेला पाय

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवणं, हा गेलं वर्षभर माझा दिवसातला सगळ्यात अवघड प्रसंग होता. टाचेत खिळा ठोकावा तशी कळ यायची. भिंत धरून थोडं चाललं की ती ओसरायची आणि दुपारी बसून उठलं की पुन्हा हजर. शाळेत उभ्यानं शिकवण्यात जन्म गेला, त्याचं हे निवृत्तिवेतन. इचलकरंजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो सुजलाय. मऊ तळाच्या चपला घाला, फरशीवर अनवाणी फिरू नका, बर्फ झालेल्या पाण्याची बाटली पायाखाली लाटण्यासारखी फिरवा, भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा. आणि धीर धरा, याला महिने लागतात.

असल्या पायानं महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कुणी जात नाही. पण आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. विणकराची पोर विणकराच्याच घरात द्यायची, या हट्टापायी वडिलांनी तिला थेट भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावला दिली. मूलबाळ झालं नाही. दोघंच नवराबायको, एक हातमाग आणि धानाचा एक लहानसा तुकडा. "दिवाळी झाली की ये गं," ती म्हणाली, "किती वर्षं झाली, माझ्या घरचं जेवली नाहीस." मी मऊ चपला घातल्या, बाटली पिशवीत टाकली आणि निघाले.

वरठी

स्टेशनचं नाव भंडारा रोड, गाव मात्र वरठी. फलाटावर दाजी उभे होते. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. आंधळगावात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, पण आमच्या माहेरच्या माणसांच्या तोंडून ऐकून ऐकून आता गल्लीतली निम्मी माणसं त्यांना दाजीच म्हणतात. खरं नाव मारोतराव. उंच, शिडशिडीत, केस पांढरे झालेले, पण पाठ अजून ताठ.

"काय सुमनबाई, लंगडून काहून राहिली?"

"टाच दुखते दाजी."

"मास्तरणीचे पाय. आण ती बॅग इकडे."

बॅग खांद्यावर टाकून ते भराभर पुढं निघाले. मी आपली एकेक पाऊल जपत मागं. तेवढ्यात चहावाला ओरडला, "ओ भाऊ! चप्पल राहिली ना तुमची!"

खरंच, दाजींची एक चप्पल मागं फलाटावर पडली होती. ते थांबले, स्वतःच्या अनवाणी पायाकडं पाहिलं आणि हसले. "पाहा ना, न सांगता पळून गेली." परत जाऊन त्यांनी चप्पल पायात अडकवली. स्टेशनबाहेर खडी पसरली होती. तिच्यावरून तो माणूस गालिच्यावरून चालावं तसा चालला. मला त्यांचा हेवा वाटला.

आंधळगाव

इचलकरंजीत आम्ही यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. तिथं माणूस जन्मतःच ओरडून बोलतो. आंधळगावच्या गल्लीत मागाचा आवाज येतो, पण त्याच्या दोन ठोक्यांमध्ये माणसाला एक वाक्य बोलता येईल एवढी जागा असते. दाजींचा माग घराच्या पुढच्या खोलीत. जमिनीत कमरेएवढा खड्डा, काठावर विणकर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. तिथं लाकडाच्या पावड्या असतात. एक दाबली की अर्धे धागे वर जातात, मधून आडव्या धाग्याचा धोटा पळतो, दुसरी दाबली की उरलेले वर. हात दिसतात म्हणून लोक हातमाग म्हणतात. दाजी म्हणायचे, "हात तर नुसता नाच करते बाई. इनते पाय."

मागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी होती. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, अंग न रंगवलेलं, मधाच्या रंगाचं. मी बोट लावायला गेले तर त्यांनी अडवलं. "हात धू. तेलकट बोटाचा डाग कोसा इसरत नाही."

आक्काच्या घरी तीन वेळा भात. सकाळी भात म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी आली, ती पाहून तिनं ज्वारीचं पीठ शोधून आणून भाकरी थापली. सोबत भंडाऱ्याचं जांभळं वांगं, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि सांभारवडी. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मी दर खेपेला विसरते आणि दर खेपेला हसं होतं. आक्काची भाषाही आता इथलीच झालीय. "तुले आणखी देऊ का?" असं ती विचारते तेव्हा क्षणभर वाटतं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी जेवतोय.

सकाळी मी अंगणात भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायला उभी राहिले. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन बघत राहिली.

"भित पाडून राहिल्या का जी?"

"पाय बरा करते."

"भित ढकलून?" तिनं पदर तोंडाला लावला.

आक्काचा असल्या व्यायामावर विश्वास नव्हता. तिनं रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम केलं आणि माझ्या टाचेला बांधलं. ऊब बरी वाटली. दाजी मागावरून ते बघत होते. "मले पाहा. जलमभर पावडी मारली, एक दिवस पाय दुखला नाही. आता तर काहीच लागत नाही."

तेव्हा ती मला फुशारकी वाटली.

बांधीवर

धान कापणीला आलं होतं, म्हणून मी आक्काबरोबर शेतावर गेले. बांधाबांधानं आखलेल्या शेतांना इकडं बांधी म्हणतात. कापणीच्या बायका ओळीनं वाकून पुढं सरकत होत्या आणि मागं खुंट उरत होते, तिरके, धारदार. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या बायकांचे हात बघवत नाहीत. इथं पाय.

दुपारी बांधावर शिदोऱ्या सुटल्या. पारबताबाई नावाची एक म्हातारी माझ्या शेजारी बसली. तिच्या टाचांना अशा भेगा होत्या की त्यात धानाची फोलपटं जाऊन रुतली होती. एका भेगेतून रक्त येत होतं.

"दुखत नाही?"

"दुखते ना, बाप्पा. पावसाळ्यात रोवणी, चिखलात पाय. तवा बोटाच्या सांदीत चिखल्या होतात, सडते. आता हिवाळा, टाचा फाटतात."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडाले जातो. मंग काटे." ती हसली. बाकीच्याही हसल्या.

संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे, विटेच्या तुकड्यानं मऊ झालेली कातडी हळू घासायची, पुसून कोरडे करायचे, मग खोबरेल तेलात मेण वितळवून भेगांत भरायचं. हे तिनंच सांगितलं. मग मीच विचारलं, "रोज करता?" तर म्हणाली, "रोज कोण करते? पाय दुखला का करतो." आक्कानं तिला स्वतःच्या पिशवीतली मेणाची डबी दिली. मी परत येताना सगळ्या बायकांचे पाय बघत आले. चपला फक्त दोघींच्या पायांत होत्या.

खड्ड्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाजींचा माग बघत बसले होते. ऊन खिडकीतून तिरपं होऊन खड्ड्यात उतरलं होतं. पावड्या वर-खाली होत होत्या आणि उजव्या पावडीचं लाकूड एका ठिकाणी काळपट ओलं दिसत होतं.

"दाजी, पावडीवर रंग सांडलाय."

"रंग कुठून सांडंन? कोसा आहे हा."

मी वाकले. तो रंग नव्हता.

"पाय वर घ्या."

"काहून?"

"घ्या म्हणते ना."

त्यांनी पाय वर काढला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, पावडी मारून मारून रुपयाएवढा जाड घट्टा झाला होता. आणि त्या घट्ट्याच्या मधोमध एक भोक होतं. आत लाल-पिवळं दिसत होतं, त्यातून पाणी झिरपत होतं. अंगठा सुजून चकचकीत झाला होता. दाजी पायाकडं बघत होते, स्टेशनवर बघितलं होतं तसंच, जरा नवलानं.

आक्का चुलीपुढून धावत आली. त्यांना साखर आहे, गोळ्या कधी घेतात, कधी संपल्या की महिना महिना आणत नाहीत, हे तिला माहीत होतं. पायाचं माहीत नव्हतं. ते घट्टा म्हणायचे, हळद दाबायचे, रात्री वर कापूस लावून मोजा चढवायचे. थंडीसाठी मोजा घालतात, अशी तिची समजूत.

"इतकं झालं अन् सांगितलं नाही?" ती म्हणाली.

"दुखत नाही ना, शोभे. दुखलं असतं तर मी गेलो नसतो का?"



भंडारा

सरकारी दवाखान्यातली पट्ट्या बांधायची खोली म्हणजे पायांचं गाव होतं. बाकावर सगळे पाय पुढं करून बसलेले. सांदीतल्या चिखल्या चिघळलेला एक मजूर, काटा आत मोडलेली एक मुलगी, तळव्यातलं कुरूप ब्लेडनं स्वतःच कापायला जाऊन पाय पिकवून घेतलेला एक दुकानदार. बपेऱ्याहून आलेली एक बाई होती, उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला, हत्तीपाय. बपेरा पार मध्यप्रदेशच्या सीमेला, तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी.

"रोज साबुन-पानी से धोती," ती आक्काला सांगत होती, "बोटाच्या मधी सुकं करते, मलम लावते, अन् झोपताना पाय उशीवर. आधी महिन्यातून दोनदा ताप याचा. आता नाही येत. पाय छोटा नाही होणार, सिस्टर बोलल्या. पण मोठा बी नाही होऊन राहिला."

तिथल्या मेश्राम सिस्टर पवनीच्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. पाय बघता बघता त्या बोलत असायच्या. त्यांची आई पवनीला रोवणीची मजुरी करायची. पावसाळाभर तिचे पाय रात्री कोरडे करून द्यायचं काम लहानपणी यांच्याकडं होतं. "तवापासून मी पायच पुसून राहिली," त्या म्हणाल्या. दाजींचा पाय हातात घेतला तेव्हा मात्र त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दाजींना डोळे मिटायला सांगितले. एका दांडीला लावलेला नायलॉनचा धागा घेतला, माशाच्या गळाला असतो तसला, आणि त्याचं टोक डाव्या तळव्याला टेकवलं.

"धागा लागला की हो म्हणा."

दाजी डोळे मिटून ताठ बसले. धागा टाचेला टेकला, वाकला. मग करंगळीखाली. मग अंगठ्यावर. दाजी काही बोलले नाहीत. मग उजवा पाय. तिथंही धागा फिरला, वाकला, सरळ झाला.

"करा ना सुरू," दाजी म्हणाले.

"झालं बाबा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "डोळे उघडा."

या माणसाच्या बोटांना कोशाचा केसाएवढा धागा तुटलेला न बघता कळायचा. त्यांनी डोळे उघडले आणि त्या धाग्याकडं बघत राहिले. "पुन्हा लावा," म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा लावला, आता डोळे उघडे ठेवून. दाजींनी धागा पायाला टेकलेला बघितला. मग मान फिरवली.

बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाले, "तुया पाय बोलते तरी, सुमनबाई. रोज सकाळी बोंबलते. माया मुका झाला, अन् मले समजलंच नाही."

एक्स-रेमध्ये जखम हाडापर्यंत पोचलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. साखर वाढत राहिली की आधी पायाच्या नसा जातात. चप्पल निसटते, खडा रुततो, घट्टा होतो, घट्ट्याखाली जखम होते, माणूस तिच्यावरच चालत राहतो. आता अंगठा काढावा लागेल. सुया लागतील, साखर आवरावी लागेल. आणि जखम भरेपर्यंत या पायावर भार द्यायचा नाही. अजिबात नाही.

"अंगठा गेल्यावर पावडी मारता येईन का?" दाजींनी विचारलं.

"नाही बाबा. पावडी आता विसरा."

दाजींनी सुजलेल्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मागावर साडी आहे. हातभर राहिली."

"साडी दुसरं कुणी पूर्ण करेल."

"नाही जमत," ते म्हणाले. "हात बदलला का ठोका बदलते. कापडावर दिसते."

त्यांनी अंगठा काढायला नकार दिला. कुणी कुणी समजावलं. मेश्राम सिस्टर तर भांडल्याच. "बाबाजी, अंगठा नाही म्हणान तर पाय द्या लागन. मी पाहून राहिली ना रोज." पण दाजी मान हलवत राहिले. शेवटी काही दिवस सुया देऊन, जखम साफ करून, कुबड्या, गोळ्या आणि शंभर सूचना देऊन त्यांनी आम्हाला घरी सोडलं. चार दिवसांनी दाखवायला यायचं आणि पाय जमिनीला लावायचा नाही, ही अट. सिस्टरनी मला एक हातातला आरसा आणायला सांगितला. रोज सकाळी दोन्ही तळवे आरशात बघायचे, बोटांच्या सांदी बघायच्या, गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी दुसऱ्यानं हातानं तपासायचं, शेकोटीजवळ पाय न्यायचा नाही, चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवायचा.

"अन् तुमच्या टाचेचं?" त्यांनी मला विचारलं. मी लंगडताना त्यांनी पाहिलं होतं. मी बाटली आणि भिंतीचं सांगितलं. "करत राहा. बरं होते ते," त्या म्हणाल्या.

पुन्हा आंधळगाव

आठ दिवसांसाठी आलेली मी थांबले. घरी फोन करून सांगितलं, येत नाही एवढ्यात.

दाजी खाटेवर, पाय उशीवर. शेजारचे किसनभाऊ, तेही विणकर, रोज येऊन बसायचे. दोघं सुताच्या भावाचं बोलायचे, कोण पोरगं माग सोडून नागपूरला गेलं त्याचं बोलायचे. माग मात्र तसाच होता, त्याच्यावर आक्कानं जुनं धोतर पसरलं होतं. दाजी त्याच्याकडं पाठ करून निजायचे. सकाळी मी आरसा धरायची. जखमेचा घेर जरा कमी झाल्यासारखा वाटायचा. मी तसं म्हणाले की दाजी म्हणायचे, "पाहा, भरून राहिली." आम्हा तिघांनाही तसंच हवं होतं.

एके दुपारी आक्का बांधीवर गेली होती, धान झोडायचं होतं. मी औषधं आणायला जवळच्या मोहाडीला गेले. परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मला तो आवाज ऐकू आला. खट. मधली जागा. खट.

गल्लीत बरेच माग आहेत. पण मला कळलं. इतका सारखा, इतका शांत ठोका होता तो, की मी वाटेतच थांबले. समोरून आक्का येत होती, डोक्यावर धानाच्या तणसाचा भारा. तीही थांबली. भारा तसाच डोक्यावर.

"वाजतंय गं," ती म्हणाली. आमच्या घरच्या भाषेत. कित्येक वर्षांनी मी तिला तसं बोलताना ऐकलं. "सुमे, आता काय करायचं गं?"

आम्ही आत गेलो तेव्हा दाजी साडी कापून काढत होते. त्यांनी ती घडी करून आक्काच्या हातात दिली. पायाची पट्टी खड्ड्यात सुटून पडली होती. आक्कानं साडी खुंटीवर ठेवली, पाणी कोमट केलं, स्वतःचा हात घालून बघितलं आणि त्यांचा पाय धुवायला बसली.

"झाली ना," दाजी म्हणाले. "आता कधी बी घेऊन चला."

त्याच संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. सकाळपर्यंत पाऊल काळंनिळं झालं होतं आणि सूज घोट्याच्या वर चढली होती. किसनभाऊंनी गाडी आणली.

नागपूर, आणि परत

भंडाऱ्याहून त्यांनी आम्हाला लगेच नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि थोडक्यात सांगितलं. विष रक्तात चाललंय, गुडघ्याखालून पाय काढला तर माणूस वाचेल. या वेळी दाजींनी नाही म्हटलं नाही. तापानं त्यांचे ओठ सुकले होते. आत नेण्याआधी त्यांनी एका वॉर्डबॉयला विचारलं, "कापलेला पाय कुठं नेतात?"

त्यानं सांगितलं, व्यवस्थित लावतात विल्हेवाट, काळजी नका करू.

दाजी आक्काकडं बघून म्हणाले, "शोभे, माणूस जित्ता अन् पाय पुढे गेला." त्यांना हसायचं होतं असं वाटतं. आक्कानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

ते वाचले. हे आधीच सांगायला हवं होतं कदाचित. पण त्या दिवसांत वाचले म्हणजे काय, हे आम्हाला नीट कळत नव्हतं. आक्का दवाखान्याच्या ओसरीत बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "तो पाय मी लग्नात धुतला होता गं." एवढंच.

आंधळगावला परतलो तोवर कापणी संपली होती. बांधी रिकाम्या होत्या आणि काही ठिकाणी ओलाव्यात लाखोरी उगवून आली होती. गल्लीतली माणसं दारात आली. किसनभाऊंनी दाजींना दोन्ही हातांवर उचलून आत नेलं, लहान मुलाला नेतात तसं, आणि दाजींनी डोळे मिटून घेतले.

चार-सहा दिवसांनी दाजी म्हणाले, "माग काढा."

आक्का म्हणाली, "असू दे ना. राहू दे तसाच."

"कोणासाठी? घरात भोक आहे ते. कुबडी घेऊन फिरीन मी, अन् एक दिवस त्याच्यातच पडीन. माती टाका."

ते खरंही होतं. किसनभाऊंनी आणि आणखी दोघांनी माग सोडवला. फणी, धोटे, दोऱ्या बांधून ठेवल्या. मागाची लाकडं किसनभाऊंनी स्वतःच्या घरी नेली, त्यांच्या भावाच्या पोराला द्यायची म्हणून. पावड्या शेवटी निघाल्या. उजव्या पावडीवर अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून वाटीसारखं खोल झालं होतं. कुणीतरी ती चुलीत घाला म्हणालं. आक्कानं ती उचलून माळ्यावर ठेवली.

बांधीवरून बैलगाडीनं माती आली. दाजी खाटेवर बसून बघत होते. घमेलं पालथं झालं की माती धप्पकन पडायची, मग पाणी मारून धुमसानं ठोकायची. खड्डा भरायला दुपार गेली. आक्कानं वरून शेणानं सारवलं. ओली जमीन आणि जुनी जमीन यांचा रंग वेगळा होता, त्यामुळे मागाची जागा चौकोनी उठून दिसत होती. दाजी म्हणाले, "वाळंन. मंग समजणार नाही." आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी सकाळी लवकर आवरलं. दाजींच्या डाव्या तळव्यापुढं आरसा धरला, सांदी बघितल्या, सगळं ठीक होतं. आक्काला दाखवून दिलं, आता हे तिनं करायचं. पट्ट्या, गोळ्या, नागपूरला कधी जायचं, नकली पायासाठी माप कधी घ्यायचं, सगळं सांगून झालं. बॅग दारात आणली. माझी टाच खूपच बरी होती. गेल्या कित्येक दिवसांत मी तिच्याकडं बघितलंही नव्हतं.

तेवढ्यात दाजींनी आक्काला हाक मारली. त्यांचा चेहरा चमत्कारिक झाला होता.

"शोभे. पायाले खाज सुटली."

"कोणत्या?"

"उजव्या."

आक्का माझ्याकडं बघायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं असं होतं म्हणून, कापलेल्या पायात कळा येतात, मुंग्या येतात, घाबरू नका. मी तसं सांगणार होते. पण दाजींना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा.

"लागून राहिलं मले. टाचेपाशी. खरंच लागून राहिलं."

आक्का खाटेच्या पायथ्याशी बसली. चादर गुडघ्यापर्यंत उंच होती आणि त्याच्यापुढं सपाट. त्या सपाट चादरीवर, जिथं टाच असायला हवी होती तिथं, तिनं बोटं टेकवली आणि हळूहळू खाजवायला लागली.

"इथं?" तिनं विचारलं.

दाजींनी डोळे मिटले. "जराशी खाली."

तिनं हात जरासा खाली सरकवला.